सरांच्या खोलीतलं खारं पाणी

सन दोन हजार बावीस. मी अडुसष्ट वर्षांचा होतो, अन् एप्रिलच्या भर दुपारी एका गोगलगाईपुढं मांडी घालून बसलो होतो. बोराएवढी गोगलगाय. चार फुटाच्या काचेच्या टाकीत, तळाले, तोंड मिटून पडलेली. ती तोंड उघडते का नाही, यावर माही इज्जत अडकली होती. माह्यापेक्षा जास्त दुसऱ्या एका माणसाचं अडकलं होतं. तो माणूस माह्या बाजूले फरशीवर बसून घड्याळ पाह्यत होता. त्यानं दोन शिव्या घातल्या असत्या तर मले बरं वाटलं असतं.

त्याच माणसाबद्दल लिहितो. आमी सगळे त्याईले सर म्हणत होतो. ते गेले त्याले वरीस होऊन गेलं. मी चौथीच्या पुढं शाळा पाह्यली नाही, त्यामुळं अक्षर वाकडं निघते. पण जे लिहितो ते मी माह्या डोळ्यानं पाह्यलेलं आहे.

सर हायस्कूलात विज्ञान शिकवत होते. रिटायर झाल्यावर अनसिंगले पोलीस स्टेशनच्या रस्त्याले घर बांधून राह्यले. लोक रिटायर झाल्यावर वावर घेतात, दुकान टाकतात, नाही तर पारावर बसून सरपंचाले नावं ठेवतात. सरांनी घराच्या मधल्या खोलीत समुद्र आणला. दोन फुटाची काचेची टाकी, त्यात खारं पाणी, दगड, रेती, नारंगी रंगाचे पांढऱ्या पट्ट्याचे दोन मासे, लाल मिशावाला एक झिंगा, पाच-सहा गोगलगाई, अन् हाताच्या पंजासारखं एक मऊ प्रवाळ. त्याची बोटं दिवसभर पाण्यात हालत राह्यची. आमच्या वाशीम जिल्ह्यातून समुद्र किती दूर आहे ते मले सांगता येत नाही, कारण मी तो कधी पाह्यलेला नाही.

खारं पाणी घरीच बनत होतं. मोठ्या बकेटीत खास मीठ यायचं, पार मुंबईहून. इकडं सरांले बीपी. जेवणात मिठाचा खडा नाही. त्याईची बायको, आमी तिले वैनी म्हणत होतो, ती म्हणायची, "घरात दोन मण मीठ हाय, अन् माणूस अळणी वरण खाऊन राह्यला. माशाईचं नशीब पाहा."

वैनी बोलायची कमी, पण बोलली की चटका बसायचा. तिचा स्वयंपाकही या टाकीनं बाहेर हाकलला होता. फोडणीचा धूर पाण्यावर तेलाचा पापुद्रा धरतो म्हणून सरांनी मागं टिनाचं छप्पर टाकून गॅस तिथं नेला. उदबत्ती बंद. मच्छरची कॉइल बंद. फिनाइल तर गेटाच्या आत येत नव्हतं. एकदा पाहुण्यानं सेंट मारला होता, त्याले सरांनी अंगणात खुर्ची टाकून तिथंच चहा दिला. टाकीपासून दोन हातावर खडूची रेघ मारलेली होती. सरपंच असो नाही तर जावई, रेघेच्या अलीकडं उभं राह्यचं. एकानं विचारलं, "सर, किलोभर भरतीन काय?" पुढच्या खेपेले सरांनी त्याच्यासाठी दारच उघडलं नाही.

आता माहं सांगतो, नाही तर पुढचं समजणार नाही. मी ग्रामपंचायतीत चौतीस वर्षं नळावर होतो. मोटर चालू करणं, व्हॉल खोलणं, व्हॉल बंद करणं, अन् रोज सकाळी गावाच्या टाकीत पावडर टाकणं. ब्लिचिंग पावडर, जिले आमी टीसीएल म्हणतो. कागदावर माही पोस्ट होती जलप्रदाय कर्मचारी. गाव मले नळवाला म्हणत होतं. जलप्रदाय म्हणणारे एकटे सर. "काय जलप्रदाय, आज पाणी उशिरा?" थट्टा होती का मान होता, ते मले पयल्या दोन वर्षांत कळलं नाही.

आमची पयली भेट भांडणाची. नोकरीचं शेवटचं वर्ष होतं माहं. सर गावाच्या टाकीखाली आले अन् म्हणाले, "पावडर मोजून टाकता का अंदाजानं?"

मी म्हणालो, "हातानं टाकतो."

"म्हणजे अंदाजानं."

"म्हणजे हातानं. माहा हात चुकत नाही, सर."

सरांनी खिशातून काचेची बारीक नळी काढली, नळाचं पाणी भरलं अन् लहान बाटलीतले थेंब टाकले. ते थेंब मीही वापरत होतो, आरोग्यवाले देतात. पाण्यात पावडर असली की नळी पिवळी होते. जास्त असली की नारंगी. सरांची नळी नारंगी झाली. आजूबाजूले गुंडं, म्हणजे पाण्याचे हंडे, भरायले आलेल्या चार बाया उभ्या होत्या.

"आज हात जड होता जलप्रदाय," सर म्हणाले अन् निघून गेले.

मी त्याईच्याशी महिनाभर बोललो नाही. मग त्याईच्या घरची लाइन चोक झाली. तवा गेलो, अन् ती मधली खोली पाह्यली, अन् तवापासून रोज जात राह्यलो. पण तो नारंगी रंग मी विसरलो नाही.

सरांचा एक शब्द होता. थांबा. कशालेही तोच. नवीन मासा कधी टाकता? थांबा. पाणी गढूळ काहून झालं? थांबा. वैनी म्हणायची, "लग्नात मंगलाष्टक संपलं तरी हे थांबाच म्हणून राह्यले होते." मले थांबणं कधी जमलं नाही. नळवाल्यानं थांबून चालते काय? गाव गुंडं घेऊन दारात उभं राह्यते.

दोन मासे होते त्यातली मोठी मादी, लहान तो नर. सर सांगत, मोठी मेली तर लहान नर वाढून मादी होतो. मी म्हणालो, असं कुठं असते. सरांनी पुस्तक दाखवलं. मी म्हणालो, पुस्तकात काहीही लिहितात. वैनी दारातून म्हणाली, "तुमी बी व्हा ना बाप्पा तसे. निदान भाकरी तरी थापाल." सर पोट धरून हसले. त्याईले हसताना मी तीन-चार वेळाच पाह्यलं असंल.

टाकीत हात घालायचा असला की सर बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायचे. साबण नाही, नुसतं पाणी, तीन वेळा. मले म्हणाले, "तुमाले हात लावायचा असंल तर असे धुवा." मी म्हणालो, "माहे हात चौतीस वर्षं पाण्यातच होते. मले हात धुवायले कोणी शिकवायचं नाही." सर म्हणाले, "बरं. मग रेघेच्या बाहेर." मग मी आठ वर्षं रेघेच्या बाहेर उभा राह्यलो, हात पाठीमागं बांधून. दोघातलं कोणीच हाललं नाही.

दोन हजार बावीसच्या फेब्रुवारीत या दोन फुटाच्या लहान टाकीच्या कोपऱ्याले पाझर लागला. दोन काचांच्या मधला डिंक सुटत होता. रोज सकाळी खाली वाटीभर ओल. सरांनी त्या ओलीच्या कडेनं पेन्सिलीनं रेघ मारली, तारीख टाकली. रेघा वाढत गेल्या. सरांचा चेहरा उतरत गेला. ते कधी घाबरलेले दिसत नव्हते, पण आता बोलता बोलता थांबून कोपऱ्याकडं पाह्यचे. कोरोनानं त्याईचं नाक नेलं होतं, वास म्हणून काही येत नव्हता, अन् ते म्हणत, "पाणी बिघडलं तर मले आधी नाकानं कळायचं जलप्रदाय. आता मी आंधळ्यासारखा हाय."

अकोल्याहून चार फुटाची टाकी आली. टेम्पोत दोन गाद्यांच्या मधात झोपवून आणली. तिच्याखालचा लोखंडी स्टँड मी बसवला. पाण्याच्या पाइपानं लेव्हल धरली. एका सुताचाही फरक नव्हता. सरांनी तीनदा पाह्यलं अन् म्हणाले, "नाही निघत फरक." मले बरं वाटलं, पण मी तोंड वाकडंच ठेवलं.

मग त्या टाकीत फिल्टरचं पाणी भरलं, मीठ कालवलं, पंप चालू केला, अन् दहा दिवस ते पाणी नुसतं फिरत ठेवलं. रविवारी सकाळी सगळे जीव लहान टाकीतून मोठीत न्यायचे ठरले.

शनिवारी सरांले डोळ्याच्या डॉक्टरकडं वाशीमले जायचं होतं. वैनीही सोबत. चावी मले दिली. दारात उभं राहून सर म्हणाले, "फक्त पाह्यत राहा. लाइट गेली तर पंप इन्व्हर्टरवर आला का पाहा. दुसरं काही करू नका. काहीच नाही."

"मी काय पोट्टा हाय काय सर?"

"पोट्टा असता तर दोनदा सांगितलं नसतं. पोट्टं ऐकते."

ते बसनं गेले. मी खोलीत एकटा बसलो. नव्या टाकीत पाणी दुधावानी धुरकट होतं. दहा दिवसांचं जुनं पाणी, वरून झाकण नाही, अन् त्यात पावडरीचा कण नाही.

इथं मले एक गोष्ट सांगावी लागते. नोकरीले लागून तीन वर्षं झाली होती, तवा एका पावसाळ्यात मी दोन दिवस पावडर टाकायले विसरलो. बैलपोळ्याच्या गडबडीत. गावात हगवण लागली. सात माणसं सलाईनवर गेली, त्यात माही माय. सगळे बरे होऊन उठले. पण माय मरेपर्यंत माह्या हातचं पाणी पिताना आधी विचारायची, "टाकली काय रे पावडर?" तवापासून मी एक दिवस चुकलो नाही. रिटायर झाल्यावरही एक बारकी डबी खिशात ठेवतो. घरच्या माठाले, शेजारच्या हौदाले, कोणाच्या लग्नाच्या ड्रमाले. कोणी सांगो का न सांगो.

तर त्या धुरकट पाण्याकडं मी घंटाभर पाह्यलं. मग डबी काढली. मगात चिमूटभर पावडर कालवली, चुना खाली बसू दिला, अन् वरचं नितळ पाणी हळूच टाकीत सोडलं. रेघ ओलांडून. हात पाण्याले लागू दिला नाही, तेवढी अट पाळली. चौतीस वर्षांची सवय होती. पाणी गढूळ असलं की हात आपोआप डबीकडं जाते. सरांसाठी चांगलं करून राह्यलो, असंच मले वाटत होतं. संध्याकाळपर्यंत पाणी काचेवानी लखलखीत झालं. सर आले, पाणी पाह्यलं, म्हणाले, "बसली धूळ. म्हटलं ना, थांबायचं." मी गालात हसलो. म्हटलं, उद्या सगळं झालं की सांगीन, कोणाच्या हातानं बसली.

रविवारी सात वाजता काम सुरू झालं. सरांनी लहान टाकीतलं जुनं पाणी नळीनं टपांत काढलं. मासे जाळीत नाही धरले, प्लास्टिकच्या मगात हळूच घेतले अन् झाकणाच्या बकेटीत सोडले. झिंगा वेगळा. प्रवाळाले हात लावल्याबरोबर त्यानं बोटं आत घेतली अन् मूठ करून बसलं. दगड एकेक करून टपात ठेवले, जुन्याच पाण्यात बुडवून. शेवटचा मोठा दगड उचलला तशी लहान टाकीच्या कोपऱ्यातून कट्टकन आवाज आला अन् राह्यलेलं पाणी फरशीवर आलं. काच सुटली. वैनीनं पोतं टाकलं.

सर म्हणाले, "बरं झालं. आता मागं जायचा रस्ताच नाही."

मी रेघेबाहेरून पाह्यत होतो. सर ते दगड असे धरत होते जसं नुकतं जन्मलेलं कोकरू धरावं. मी टोमणा मारला, "दगडालेच इतलं जपता सर?"

"हे जिवंत हायत जलप्रदाय. याच्या छिद्राछिद्रात डोळ्याले न दिसणारे जीव राह्यतात. माशाची घाण तेच खातात. ते मेले की पाणी विष होते, अन् मासे दोन दिवसांत जातात."

"म्हणून नळाचं पाणी घेत नाही काय तुमी?"

"म्हणूनच. तुमची पावडर हगवणीचे जंतू मारते ना? तशीच ती हे जीवही मारते. तिले फरक कळत नाही. झिंगा अन् गोगलगाय तर पयले मरतात." अन् ते वाकून पयला दगड उचलायले लागले, नव्या टाकीत ठेवायले.

कालचा मग माह्या डोळ्यापुढं आला. उन्हात उभं राहून अंगावर काटा येते तसं झालं. तोंडातून निघालं, "सर, चहा होऊ द्या."

"जीव बकेटीत असताना चहा?"

"स्टँडची लेव्हल हुकल्यासारखी दिसून राह्यली."

"एका सुताचाही फरक नाही. मी तीनदा पाह्यलं होतं."

"आज दिवस चांगला नाही म्हणते माही बायको."

सरांनी दगड पुन्हा टपात ठेवला अन् माह्याकडं पाह्यलं. "तुमी कवापासून दिवस पाह्यले लागले?"

वैनीही पाह्यले लागली. तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला, पंप इन्व्हर्टरवर आला अन् इन्व्हर्टर टीं टीं करायले लागलं. बाहेर ऊन चढत होतं. बकेटीतल्या पाण्यात मोठी मासोळी तोंड वर करून होती.

मी विचार केला, न सांगावं. पाण्याचा काय भरवसा, एका रात्रीत पावडर उडूनही गेली असंल. मेले तर म्हणतीन हलवताना मेले. कोणाले कळणार होतं? सरांले तर वासही येत नव्हता. हे सगळं माह्या डोक्यात आलं. लाज वाटते, पण आलं. मग सर पुन्हा दगडाकडं वाकले, अन् मले माय दिसली, गिलास हातात धरून विचारणारी.

तोंडानं बोलणं मले जमलं नाही. मी खिशातून माही काचेची नळी काढली. रेघ ओलांडली. मोठ्या टाकीचं पाणी मगानं घेऊन नळीत भरलं अन् थेंब टाकले. नळी सरांपुढं धरली. पिवळी होत गेली. सरांनी ती उजेडाकडं धरून पाह्यली. कितीतरी वेळ पाह्यली.

"किती टाकली?"

"चिमूटभर."

"कोणाची चिमूट?"

"माही."

सर हळूच फरशीवर बसले, पोत्यावर. वैनीनं तोंडाले पदर लावला. मी वाट पाह्यत होतो की आता म्हणतीन, निघा. मी तर दाराकडं वळलोही होतो.

"थांबा," सर म्हणाले. "डबी हाय खिशात?"

"हाय."

"वैनी, काटा आणा." बायकोलेही ते आमच्यापुढं वैनीच म्हणत.

सोनाराकडं असते तसा बारका काटा सरांजवळ होता, मिठाच्या तपासणीचा. त्यावर कागद ठेवला. "काल टाकली तेवढीच चिमूट यावर टाका. विचार करू नका. जशी टाकता तशी टाका."

मी टाकली. सरांनी आकडा वहीवर लिहिला. कागद झटकला. "परत." मी टाकली. "परत." तीन वेळा. चिमूट कशी भरायची ते हाताले माहीत होतं. सरांनी तिन्ही आकडे पाह्यले. मले वही दाखवली. दोन ग्राम अन् वर थोडं. तिन्ही वेळा तेच, शेवटच्या आकड्याचाच काय तो फरक.

सर माह्याकडं पाह्यत म्हणाले, "हात खरंच चुकत नाही तुमचा."

मले खाली पाहावं लागलं.

किती पावडर गेली ते कळल्यामुळं तिचं मारक किती लागंल ते सरांनी काढलं. त्याईच्या कपाटात शाळेच्या प्रयोगशाळेतल्यावानी पांढऱ्या खड्यांची बाटली होती. हायपो म्हणतात त्याले, पावडरीचा जोर मोडते. जास्त टाकलं तर पाण्यातली हवा कमी होते, कमी टाकलं तर पावडर राह्यते. मोजूनच पाह्यजे. सरांनी मोजून टाकलं. मग मले म्हणाले, "मगानं पाणी उचला अन् उंचावरून सोडत राहा. हवा लागू द्या. इन्व्हर्टरचा भरवसा नाही."

मी पाऊण घंटा पाणी उचलत राह्यलो. खांदे भरून आले. मधात एकदा सर म्हणाले, थोडा दम घ्या. मी म्हणालो, नाही. पुन्हा नळी भरली, थेंब टाकले. नळी पांढरी राह्यली, पाण्यासारखी. दुसऱ्यांदा केलं. पांढरी. माह्या जवळचे थेंब जुने तर झाले नसतीन, म्हणून सर बाहेर जाऊन नळाचं पाणी तपासून आले. ते पिवळं झालं. म्हणजे थेंब चांगले होते.

तरीही सरांनी मासे टाकले नाहीत. एक गोगलगाय टाकली.

अन् मग ते बसणं सुरू झालं. पयले ती दिवसभर काय करते ते मले माहीत नव्हतं, आता तिचं तोंड म्हणजे माही दुनिया झाली. सर घड्याळ पाह्यत होते. मी माशाईच्या बकेटीकडं पाह्यत नव्हतो, कारण लहान नर एका बाजूले कलला होता. वैनी बकेटीवर ओलं फडकं घालून वारा घालत होती.

"सर, तुमी मले आठ वर्षं रेघेबाहेर ठेवलं ते बरोबर होतं," मी म्हणालो.

"आठ वर्षं तुमी हात धुतले नाहीत, ते तुमी ठेवलं स्वतःले."

"काल तर मी हात लावलाच नाही पाण्याले."

"तेच तर," सर म्हणाले. "हात लावला असता तर निदान धुवून लावला असता. धुताना विचार आला असता."

एक घंटा झाला असंल. गोगलगाईच्या शंखाखालून काळी कड निघाली. मग मिशीएवढा एक धागा. मग ती पलटली अन् काचेवर चढायले लागली. सरांनी माह्या गुडघ्यावर हात ठेवला. नुसता ठेवला अन् काढून घेतला.

मग दगड गेले. मग बकेटीत दर दहा मिनिटाले नव्या पाण्याचा एक मग, म्हणजे माशाले पाणी एकदम बदललेलं कळू नये. किती मग झाले ते मोजायचं काम माह्याकडं. एकतीस मग झाले. त्यात चार वाजता लाइट आली. झिंगा गेला, तो थेट दगडाखाली घुसला. शेवटी मासे. लहान कलला होता तो खाली जाऊन तसाच कोपऱ्यात पडला, गाल हालवत. मोठी त्याच्याजवळ गेली अन् थांबली. प्रवाळ सरांनी हातानं दगडावर ठेवलं होतं, ती मूठ काही सुटली नव्हती.

संध्याकाळी मी निघालो तवा सर म्हणाले, "आज काही सांगता येत नाही. पावडरीचा चटका नंतरही दिसते. उद्या कळंल." मी मान हालवली. गेटापर्यंत आलो. मागून सरांचा आवाज आला, "दगड नीट लागले नाहीत. खालचा डुगडुगते. सकाळी या. मले लेव्हलवाला हात पाह्यजे."

त्या दिवशीच्या जेवणाची चव मले आठवत नाही. बायकोनं विचारलं, सर काय म्हणाले? मी म्हणालो, ये म्हणाले. ती म्हणाली, "तुमी रोजच तर जाता." तिले काय सांगणार होतो मी?

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवस निघायच्या आत मी सरांच्या अंगणात गेलो. पायरीवर खिसे रिकामे केले. तंबाखूची पुडी, चुन्याची डबी, थेंबाची बाटली, अन् पावडरीची डबी. सगळं एका ओळीत ठेवलं. बाहेरच्या नळाखाली बसलो अन् कोपरापर्यंत हात धुतले. साबण न लावता, तीन वेळा. हात कशाले न लावता तसेच वर धरून आत गेलो. सर टाकीपुढं उभे होते. त्याईनं माह्या तोंडाकडं नाही, हातांकडं पाह्यलं, अन् बाजूले सरकले. मी खडूची रेघ ओलांडली अन् पाण्यात हात घातला. पाणी कोमट होतं. खालचा दगड बोटानं धरत होतो, तेवढ्यात कोपऱ्यातून मोठी सरळ माह्यावर आली अन् करंगळीले चावली. तिच्यामागं लहान आला, सरळ पोहत.

"हात हालवू नका," सर म्हणाले. "थांबा."

मी थांबलो.